विजयदुर्ग

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील जुने बंदर व जलदुर्ग. वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेले. मुंबई–गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडला की पुढे पन्नासेक किलोमीटर कातळसडे आणि वळणे. आगबोटी होत्या तोवर मुंबईचा माणूस थेट धक्क्यावर उतरे. त्या बंद झाल्या आणि गाव आडबाजूला पडले.

किल्ला मूळचा शिलाहारांचा, जुने नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन वाढवला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथे आरमाराचे ठाणे केले. बंदराची खरी दौलत म्हणजे खोल, वाऱ्यापासून आडोशाची खाडी. किल्ल्यापासून थोडे आत, खाडीकाठी, कातळ फोडून केलेली गोदी आहे; लांबी सुमारे साडेतीनशे फूट. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यायचे आणि डागडुजीला लागायचे, अशी ही सोय. सह्याद्रीतले लाकूड खाडीनेच खाली येई.

हे आरमार बुडाले ते वादळाने नव्हे. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य येऊन ठेपले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच हस्तगत केलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडून ते पेटले. गुराबा व गलबते एकमेकांना लागून नांगरलेली. आग एकीवरून दुसरीवर गेली आणि बांधणीवरची जहाजेही जळाली. मराठी सत्तेने आपलेच आरमार परक्याच्या हातून जाळून घेतले, असेच म्हणावे लागते. किल्ला इंग्रजांच्या हाती पडला; बदल्यात बाणकोट घेऊन त्यांनी तो पेशव्यांना दिला. त्यानंतर इथे बसलेले पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले खरे, पण आंग्र्यांच्या काळचा दरारा परतला नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे सांगतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली आहे.

तटावरील ‘साहेबाचे कट्टे’ हेलियमच्या शोधाशी जोडले जातात, तो घोटाळा आहे. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा दिसली ती १८६८ साली. त्या शोधाशी नाव जोडलेला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इथे आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी.

सध्या मासेमारी, हापूसच्या बागा आणि पर्यटन यांवर गाव चालते. शेजारच्या गिर्ये येथे ४,००० मेगावॉटचा वीजप्रकल्प योजला होता. बागायतदारांनी विरोध केला आणि तो उभा राहिला नाही.