कूर्चेचे पोषण : विश्रांती की हालचाल?

मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा जुळून येते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा मात्र याला अपवाद आहे. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्येच मांडले होते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भार येतो व उतरतो, सांधा हलतो, तेव्हा सांध्यातील द्रव तिच्यात झिरपतो आणि त्यावरच तिचे पोषण होते. वैद्यकाला मात्र हालचालीचे हे महत्त्व पटण्यास फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस यांनी दुखऱ्या सांध्याला सक्तीची, दीर्घ विश्रांती द्यावी, असे आग्रहाने प्रतिपादले. त्या शिस्तीचा लाभ पुष्कळांना झाला. परंतु जखडलेला गुडघा ताठरतो आणि मांडीचे स्नायू रोडावतात, हेही दिसून आले.

१९४५ मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी क्रमाने वाढत्या वजनाच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे टोरँटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर प्रयोग केले आणि सतत हलत्या सांध्यातील कूर्चा जखडलेल्या सांध्यातील कूर्चेपेक्षा चांगली भरते, असे १९८० मध्ये दाखवून दिले. माणसांत यंत्राने गुडघा हलवण्याचा लाभ मात्र तितका निर्विवाद ठरलेला नाही.

१९९४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या शल्यविशारदांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात रोपल्याचे प्रसिद्ध झाले, आणि जुना वाद नव्या रूपाने उभा राहिला. अवेळी भार पडल्यास कोवळे रोपण उखडते. हालचाल थांबल्यास त्याचे पोषण खुंटते. म्हणून सांधा लवकर हलवावा, भार मात्र हळूहळू वाढवावा, हा मध्यम मार्ग रूढ झाला. साधारणतः सहा ते आठ आठवडे कुबड्या, मग मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, आणि धावपळीचे खेळ बहुधा वर्षानंतर, असा हा क्रम असतो.

या मार्गावरील खरा धोका वेदना थांबल्यावर संभवतो. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे दुखणे थांबले म्हणजे रोपण पक्के झाले, असा अर्थ होत नाही. बरे वाटू लागताच कुबड्या टाकणारा रुग्ण शल्यविशारदाचे काम नकळत विफल करू शकतो. म्हणून केव्हा चालावे हे गुडघ्याला न विचारता, ठरवून दिलेल्या क्रमालाच विचारलेले बरे.