टस्कीगीची वीट

धाकटा भाऊ दहावी पास झाला. रिंग खात्यातला जुना जॉबर मला म्हणाला, "आता शाळा बास. तुमच्या लोकांचा हात कामाला बरा. त्याला हाताचंच कायतरी शिकीव." म्हातारा वाईट मनाचा नाही. पण 'तुमच्या लोकांचा' हे दोन शब्द रातपाळीभर चात्यांबरोबर माझ्या डोक्यात फिरत राहिले.

दोस्तांनो, मी नववीपर्यंत शिकलो. शाळेतलं जास्त आठवतं ते झाडू मारणं. वर्ग आम्ही झाडायचा, फळा दुसऱ्यांनी पुसायचा. बाकी जे शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. तिथंच वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हाती आलं. १९८१ सालचं पुस्तक. त्यातून टस्कीगी हे गावाचं नाव कळलं. मग ती शाळा काढणाऱ्या माणसाच्या मागं लागलो.

बुकर टी. वॉशिंग्टन. १८५६ साली व्हर्जिनियात गुलामाच्या पोटी जन्मला. त्या काळात गुलामाच्या पोराला अक्षर शिकवणं हाच गुन्हा. अलाबामात १८३२ च्या कायद्यानं शिकवणाऱ्याला २५० ते ५०० डॉलर दंड होता. आपल्याकडं तो कायदा कागदावर लिहायचीसुद्धा गरज पडली नव्हती.

१८६५ ला गुलामी सुटली. पोरगा मिठाच्या भट्टीत राबला, कोळशाच्या खाणीत उतरला. १८७२ ला शेकडो मैल तुडवून हॅम्प्टनच्या शाळेत पोचला. अंगावर मळके कपडे. मास्तरणीनं परीक्षा काय घेतली? हातात झाडू दिला. खोली झाड म्हणाली. त्यानं तीनदा झाडली, चारदा पुसली. प्रवेश मिळाला.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. राग आला. आमच्या हातात झाडू द्यायला कुणाला परीक्षा लागली नव्हती. त्याच सुमारास, १८७३ ला, जोतीबा फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. इकडं जोतीबा त्यांच्याकडं आशेनं बघत होते आणि तिकडं मोकळा झालेला पोरगा खोली झाडत होता!

आठवड्यानं पुस्तक पुन्हा उघडलं.

४ जुलै १८८१. अलाबामातलं टस्कीगी. सरकारनं दिले वर्षाला २,००० डॉलर, तेही मास्तरांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही. ३० विद्यार्थी एका मोडक्या खोपटात बसले. पाऊस आला की एक पोरगा मास्तरच्या डोक्यावर छत्री धरायचा. मग जवळची एक पडीक जमीन घेतली. जिथं गुलाम राबले असतील तिथं शाळा उभी राहणार होती. इमारतीला विटा पाहिजेत. गावात वीटभट्टी नाही. म्हणून पोरांनीच माती तुडवली.

पहिली भट्टी फसली. दुसरी फसली. तिसरी रातोरात ढासळली. पैसा संपला. वॉशिंग्टननं स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं. चौथी भट्टी साधली. पुढं त्या शाळेच्या विटा घ्यायला गोरे शेजारीसुद्धा येऊ लागले. पहिल्या १९ वर्षांत लहानमोठ्या ४० इमारती झाल्या. चार सोडल्या तर सगळ्या पोरांच्या हातच्या. पोरं शेती, सुतारकाम, गाड्या बनवणं शिकली. दात घासणं, अंथरूण नीट घालणंसुद्धा शिकली.

आई-बाप मात्र चिठ्ठ्या धाडायचे, आमच्या पोराला कामाला लावू नका, नुसती पुस्तकं शिकवा. मला ते आई-बाप कळतात. माझी आई वीटभट्टीवर जन्मभर विटा थापत आली. तिच्या विटांचे बंगले उभे आहेत. आमचं घर पत्र्याचं. म्हणून मी विचारतो, वीट थापली यात मोठं काय? वीट कुणाच्या भिंतीत गेली ते सांगा. टस्कीगीची वीट टस्कीगीच्या भिंतीत गेली. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

पण गोष्ट इथं संपवली तर मी खोटा ठरेन.

१८९५ ला अटलांटात गोऱ्यांसमोर वॉशिंग्टन बोलला. भाषणाचा सूर असा, की आधी हुन्नर, आधी पैका. बरोबरीचा हट्ट आत्ता नको. गोऱ्यांनी टाळ्या पिटल्या. १९०३ ला डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्याला पुस्तकातून जाब विचारला. मत नसलेला कारागीर आपली कमाई राखणार कशी? आणि सगळी पोरं हातोड्याकडं गेली तर त्या पोरांचे मास्तर कुठून येणार?

जाब खरा होता. १९०१ ला अलाबामानं नवी घटना केली. आधी लाखाच्या वर काळे पुरुष मताला पात्र होते. १९०३ ला यादीत जेमतेम तीन हजार उरले. विटा पक्क्या भाजलेल्या होत्या, पण यादीतलं नाव पुसायला पाणीसुद्धा लागलं नाही. वॉशिंग्टनलाही ते डाचत होतं. या कायद्याविरुद्धच्या खटल्यांना तो गुपचूप पैसे पुरवत होता. उघड बोलायची सोय नव्हती. १९१५ ला तो वारला. गुपित पुढं त्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं.

आता शेवटचं ऐका. टस्कीगीच्या शाळेनं गावात शिकलेले काळे लोक वाढवले. ते मत मागू लागले. १९५७ ला सरकारनं गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव २८ बाजूंचं वाकडंतिकडं केलं. सुमारे ४०० काळे मतदार हद्दीबाहेर फेकले, आत राहिले चार-पाच. गोरा एकही बाहेर गेला नाही. खुद्द वॉशिंग्टनची शाळा हद्दीबाहेर!

दोस्तांनो, याला आपल्या भाषेत शब्द आहे. गावकूस. त्यांना ते आखायला २८ रेघा लागल्या.

त्या वेळी काय कामाला आलं? दोन्ही. काळ्यांनी गोऱ्यांच्या दुकानात पाय ठेवायचं बंद केलं. काही दुकानांना कुलपं लागली. खिशात स्वतःची कमाई होती म्हणून तेवढा दम निघाला. आणि त्याच शाळेत समाजशास्त्र शिकवणारे चार्ल्स गोमिलियन कोर्टात गेले. १९६० ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. हुन्नरानं घर चालवलं, कायद्यानं हद्द मोडली. एकट्या विटेला ते जमलं नसतं, आणि नुसत्या पुस्तकानं घर चाललं नसतं.

भावाला परवा ही सगळी गोष्ट सांगितली. आयटीआयचा फॉर्म आणि अकरावीचा फॉर्म, दोन्ही आणून त्याच्या पुढ्यात ठेवले. वायरमन व्हायचं असेल तर हो म्हणालो, मला अभिमानच वाटंल. पण ते तू ठरवायचं, जॉबरनं नाही. आणि कुठलाही भर, १८ वर्षांचा झालास की मतदारयादीत नाव घालायला मी स्वतः बरोबर येणार.

आई बाजूला बसून ऐकत होती. म्हणाली, "त्या शाळेच्या पोरास्नी वीट आधी कच्चीच फुटली म्हणायची. माती मळायला कमी पडली आसंल."

मास्तरीण आमच्या घरातच होती. मी वाचनालयात शोधत होतो.