मोटारगाडीतील अस्तरफलक
मोटारगाडीच्या पोलादी कायेची आतील बाजू झाकणाऱ्या तक्त्यांना अस्तरफलक म्हणतात. दरवाजांची आतील बाजू, छत, काचांमधील खांब आणि सामानकप्प्याच्या भिंती ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. कारागिरांच्या बोलीत दरवाजाच्या फलकास ‘डोअर पॅड’ व छताच्या आवरणास ‘रूफ लायनिंग’ म्हणतात. पत्र्याच्या कडा, तारा व काच वरखाली करणारी यंत्रणा झाकणे, आवाज व उष्णता अडविणे, हाताला टेकू देणे आणि अपघातात शरीरावरील आघात सौम्य करणे ही फलकाची कार्ये आहेत. गाडीचा भार तो पेलत नाही. त्यामुळे त्याचे द्रव्य निवडताना उत्पादकास बरीच मोकळीक असते. लाकूड व कातडे, पुठ्ठा व रेक्झिन, प्लॅस्टिक आणि अलीकडे पुन्हा वनस्पतिज तंतू असा या द्रव्यांचा क्रम आहे. या शेवटच्या टप्प्यात मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीतील परिचित अंबाडीला स्थान मिळाले आहे.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांच्या काया घोडागाड्या बांधणारे कारागीरच तयार करीत. सांगाडा लाकडी असल्यामुळे कातडे किंवा जाड कापड त्यावर थेट चुकांनी ठोकता येई. खाली घोड्याचे केस किंवा कापूस भरीत. अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्याने १९१२ नंतर संपूर्ण पोलादी काया बनविण्यास प्रारंभ केला व डॉज बंधूंनी आपल्या गाड्यांसाठी ती स्वीकारली. पोलादात चूक ठोकता येत नाही. त्यामुळे अस्तर वेगळ्या तक्त्यावर चढवून तो तक्ता स्प्रिंगच्या खिट्ट्यांनी पत्र्याच्या भोकांत बसविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. आजचा अस्तरफलक या पद्धतीतूनच आला आहे.

तक्त्यासाठी प्रथम जाड पुठ्ठा वापरीत. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत विल्यम मेसन यांनी लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबाने फोडून व तंतू गरम दाबयंत्रात दाबून हार्डबोर्ड तयार करण्याची कृती शोधून काढली. स्वस्त, सपाट व कापण्यास सोपा असा हा तक्ता मोटारउद्योगाने उचलला. कातड्याऐवजी सेल्युलोज नायट्रेटाचा लेप दिलेले कापड वापरात आले. ‘रेक्झिन’ हे अशा कापडाचे एक ब्रिटिश व्यापारी नाव. पुढे लेप पॉलिव्हिनिल क्लोराइडाचा (पीव्हीसीचा) झाला, तरी भारतात तेच नाव सर्व कृत्रिम कातड्यांस चिकटले.

महाराष्ट्रात मोटारगाड्यांचे उत्पादन सुरू करण्याचे श्रेय सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांना दिले जाते. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली; पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य होऊन १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी बनू लागली. १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप दीर्घकाळ याच गाडीने ठरविले.

रचना : त्या पिढीतील गाडीचा दरवाजा दोन पत्र्यांचा असतो. दोहोंच्या मधल्या पोकळीत काच व तिची यंत्रणा बसते. आतील पत्र्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवितात आणि त्यावर फलक येतो. फलकाचा गाभा सु. ३ मिमी. जाडीचा हार्डबोर्ड असून त्यावर फोमचा किंवा कापसाचा पातळ थर व वर रेक्झिन असते. रेक्झिनवरील समांतर रेघा उष्णतेने दाबून उमटविलेल्या असतात. कडा मागे दुमडून चिकटवितात. काचेचे हँडल, टेकू व कडी बाहेरून स्क्रूने बसवितात.

या रचनेचे बलस्थान तिच्या साधेपणात होते व वैगुण्य तिच्या गाभ्यात. पावसाचे पाणी काचेवरून ओघळत दरवाजाच्या पोकळीत उतरते व तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. छिद्रे तुंबली किंवा पापुद्रा फाटला, तर ओलावा हार्डबोर्डात शिरतो. तो फुगतो, थर सुटतात आणि खिट्ट्या त्यातून उपटून येतात. कोकण किनाऱ्यावरील दीर्घ पावसाळ्यात हा दोष विशेष जाणवे. मराठवाड्याच्या व सोलापूरच्या कोरड्या उन्हात दोष निराळा : पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी मिसळलेले द्रव्य उन्हाने हळूहळू उडून जाते, रेक्झिन कडक होऊन तडकते. या द्रव्याच्या वाफेचाच तेलकट थर समोरच्या काचेच्या आतील बाजूस साचतो.

मात्र खराब झालेला फलक दुरुस्त करता येई. जुना फलक छापा म्हणून ठेवून नवा तक्ता कापावा, भोके पाडावीत, रेक्झिन ताणून चिकटवावे, एवढ्याने काम भागे. शहरोशहरी कुशनवाल्यांचा व्यवसाय अशा कामावर व बैठकींच्या शिलाईवर चाले. टॅक्सीचे यंत्र टिके तोवर तिचे अंतरंग अनेकदा नवे होई, आणि प्रत्येक वेळी मालकाच्या आवडीप्रमाणे रंग व नक्षी बदले. मुंबईतील टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली.

प्लॅस्टिकचे युग : इटालियन रसायनशास्त्रज्ञ जूल्यो नात्ता यांनी १९५४ मध्ये सुघटित रचनेचे पॉलिप्रोपिलीन तयार केले. हलके, स्वस्त व पाण्याने न फुगणारे हे द्रव्य वितळवून दाबाने साच्यात भरले, की टेकू, कप्पा व खिट्ट्यांची बैठक यांसह संपूर्ण फलक एकाच आघातात तयार होतो. ताठपणासाठी त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळतात. साचा अतिशय महाग असल्याने ही पद्धत मोठ्या उत्पादनातच परवडते. भारतात १९९० नंतरच्या दशकात मोटारगाड्यांची संख्या वाढली. पुण्यात टेल्कोची (आता टाटा मोटर्स) ‘इंडिका’ १९९८ मध्ये अवतरली. या काळात साच्यातील फलक सर्वसामान्य झाले. फुगण्याचा दोष गेला. पण मोडलेली खिट्टी किंवा तडकलेला फलक दुरुस्त न करता संपूर्ण बदलावा लागतो. कुशनवाल्याकडे सीट कव्हरांचे काम उरले. दरवाजाचे काम बहुतांशी सुट्या भागांच्या दुकानाकडे गेले.

सुरक्षिततेचे निकष : पूर्वी फलक ही केवळ शोभेची बाब मानीत. अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या अंतर्भागावरील आघाताविषयी मानक लागू झाले, तर १९७२ पासून अंतर्भागातील द्रव्य आडव्या स्थितीत मिनिटाला १०२ मिमी.हून अधिक वेगाने जळू नये, असे बंधन आले. भारतात मोटारगाड्यांच्या चाचण्यांचे काम पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था करते. २०१७ पासून नव्या प्रकारच्या मोटारगाड्यांना बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आवश्यक झाली. अशा धडकेत दरवाजा व प्रवासी यांत फारसे अंतर नसते. म्हणून फलकाच्या मागे कमरेच्या व बरगड्यांच्या उंचीवर ऊर्जा शोषणारे फोमचे ठोकळे बसवितात. फलक फुटला, तरी त्याच्या धारदार चिरफळ्या होऊ नयेत, अशी अपेक्षा असते.

अंबाडी व इतर तंतू : वजन कमी करण्याच्या व वनस्पतिज द्रव्ये वापरण्याच्या प्रयत्नांतून १९९० नंतर जर्मन कारखानदार जवस, घायपात, ताग यांच्या तंतूंकडे वळले. जपानमध्ये टोयोटा समूहाने सु. २००० पासून दरवाजाच्या फलकांत अंबाडीचा वाख वापरला. बीएमडब्ल्यू कंपनीच्या २०१३ मधील ‘आय ३’ या विजेरी गाडीच्या अंतर्भागातही तोच होता. कृती अशी : वाख व पॉलिप्रोपिलीनचे तंतू साधारणपणे समभाग मिसळून, पिंजून व सुयांनी टोचून त्यांची गादी करतात. ती सु. २००° से.पर्यंत तापवून थंड साच्यात दाबली, की वितळलेले प्लॅस्टिक वाखाला बांधून ठेवते. तापमान याहून फार वाढल्यास वाख करपतो. वाखाची घनता सु. १·४, तर काचतंतूंची सु. २·५ असल्याने फलक हलका होतो. ओलावा शोषण्याची सवय मात्र वाखाला हार्डबोर्डाप्रमाणेच आहे. कडा नीट बंद कराव्या लागतात. [→ अंबाडी; ताग].

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात, सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावांच्या कोरडवाहू मुलखात, अंबाडी ही नवी वनस्पती नव्हे. खरिपाच्या पिकात किंवा बांधाकडेने ती पेरतात. कोवळ्या पाल्याची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात आणि वाखाची दावी, कासरे, चऱ्हाटे व मोटेचे नाडे वळीत. मोटा बंद पडल्या, नायलॉनचे दोर आले आणि वाख काढणे मागे पडले. भाजी तेवढी राहिली. अस्तरफलकाने या वाखाला नवा उपयोग दिला असला, तरी कारखान्याला एकसारख्या लांबीचा, स्वच्छ व सतत मिळणारा वाख लागतो. तो सोडविण्यासाठी ताटे १०–१५ दिवस साचलेल्या पाण्यात कुजवावी लागतात, आणि अवर्षणप्रवण भागात नेमके पाणीच दुर्मिळ असते. ओली साल यंत्राने सोलून थोड्या पाण्यात कुजविणे हा यावरील एक मार्ग आहे. तो परवडला, तरच अंबाडी या भागात भाजीपुरती न राहता पुन्हा वाखाचे पीक होऊ शकेल.