काचघुमटाखालची तीनचाकी

जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये जुन्या मायक्रोकारचा, म्हणजे चिमुकल्या मोटारींचा, मेळावा भरला की मेसरश्मिट नावाच्या तीनचाकीभोवती गर्दी जमते आणि कुणीतरी हमखास सांगतं, की दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या लढाऊ विमानांचे घुमट या गाड्यांवर बसवले. गाडीचं रूपच असं, की ते चटकन पटतं. एकामागे एक दोन बैठका, डोक्यावर प्लेक्सिग्लासचा पारदर्शक घुमट. आत शिरायचं तर तो घुमटच एका बाजूला उघडायचा. पण हे घुमट गाडीसाठीच घडवलेले होते. खरी कुळकथा विमानापाशी नाही, जखमी सैनिकांपाशी सुरू होते.

फ्रिट्झ फेन्ड हा विमानविद्येतला अभियंता. हरलेल्या जर्मनीत पाय गमावलेली कितीतरी माणसं घरात अडकून पडली होती. त्यांना कुणाच्या आधाराशिवाय बाहेर पडता यावं, म्हणून १९४८ साली त्याने अंगबळावर चालणारी एक तीनचाकी बनवली. पुढे तिला लहानसं इंजिन बसलं आणि धडधाकट लोकही ती मागू लागले. मोटार परवडत नव्हती, मोटारसायकलवर पावसात भिजायचं नव्हतं, अशी ही माणसं. या मागणीचा अर्थ फेन्डने बरोबर ओळखला, हे मला त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

तो मेसरश्मिट या विमान कंपनीकडे गेला. विमानं बनवायला बंदी असल्याने त्या कंपनीला कामाची गरज होतीच. रेगेन्सबुर्गच्या कारखान्यातून १९५३मध्ये केआर१७५ बाहेर पडली आणि १९५५मध्ये तिची सुधारलेली बहीण केआर२००. इंजिन १९१ सीसीचं, वजन सुमारे २३० किलो, स्टिअरिंगच्या चाकाऐवजी स्कूटरसारखा दांडा. दोघं शेजारी न बसता मागेपुढे बसल्यामुळे गाडी अरुंद झाली, वारा कमी अडू लागला आणि एवढ्याशा इंजिनावर ती ताशी नव्वद किलोमीटरपर्यंत धावू लागली. पेट्रोल लागे लिटरमागे तीसेक किलोमीटरच्या हिशेबाने. काटकसर इथे आकारातूनच आली आहे, म्हणून ती अजूनही देखणी दिसते.

याच सुमारास इटलीतही अशीच छोटी गाडी आली. रेन्झो रिव्होल्टाच्या इसो कंपनीने, म्हणजे फ्रिज आणि स्कूटर बनवणाऱ्यांनी, १९५३मध्ये इसेट्टा आणली. तिचं दार थेट समोर, नाकावरच. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन ती दीड लाखाहून अधिक संख्येने बनवली. १९५६मध्ये सुएझ कालव्याचा पेच उद्भवला, युरोपात पेट्रोलची टंचाई झाली आणि या गाड्यांना चांगले दिवस आले. इंग्लंडमध्ये तर तिसऱ्या चाकाला कायद्याचाच आधार होता. हलक्या तीनचाकीवर कर कमी आणि ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. म्हणून ब्रायटनला रेल्वेच्या जुन्या कारखान्यात बनणाऱ्या इसेट्टाला मागे एकच चाक दिलं गेलं. इंग्लिश चालक उजवीकडे बसे आणि इंजिनही उजवीकडेच, त्यामुळे तोल राखायला डावीकडे वजन ठेवावं लागे.

याच काळातली आपल्या ओळखीची एक शाखाही आहे. विमान-अभियंता कोर्रादिनो द'अस्कानिओ याच्या व्हेस्पा स्कूटरवरून इटलीच्या पियाज्यो कंपनीने १९४८ साली तीनचाकी 'आपे' काढली. पियाज्योच्या परवान्यावर पुढे बजाजने रिक्षा बनवल्या आणि पुण्याजवळचं आकुर्डी त्यांचं घर झालं. युरोपातल्या तीनचाकी आता हौशी लोकांकडे उरल्या. ही शाखा मात्र रोज मीटर टाकून कमावते आहे.

तिकडे युरोपात लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, १९५९ साली इंग्लंडमध्ये मिनी ही छोटी चारचाकी मोटार आली. रस्त्यावरून बबल कार, म्हणजे या बुडबुड्यासारख्या गाड्या, हटवायच्याच, असं ती बनवणाऱ्या कंपनीने उघड ठरवलं होतं. १९६४मध्ये केआर२०० थांबली.

तरी मेळावे भरतात, कारण या गाड्या चालवण्यासाठीच ठेवल्या आहेत. मालक टाकीत ऑइल मिसळून पेट्रोल भरतात, आडरस्त्याने रांगेत निघतात, कुणाची गाडी अडली की शेजारचा पाना घेऊन धावतो. केआर२००ची उलटी चाल पाहायला लहानमोठे सगळेच जमतात. हिला वेगळा रिव्हर्स गिअर नाही. टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करायचं, की चारही गिअर मागे जायला मोकळे. एरवी झिजून संपले असते असे कितीतरी भाग क्लबांनी जुन्या नमुन्यांवरून पुन्हा बनवून घेतले आहेत, आणि सभासदांना ते आजही मागवता येतात.