दोन नावांची स्त्री : दोन्या ग्रासिया नासी

लिस्बन शहरात १५१० साली जन्मलेल्या एका मुलीला बाप्तिस्मा देऊन तिचे नाव बेआत्रिज द लूना असे ठेवण्यात आले. तिचे ज्यू नाव होते ग्रासिया नासी. हे दुसरे नाव जगासमोर उघडपणे लावण्यासाठी तिला जवळजवळ चाळीस वर्षे थांबावे लागले आणि अर्धा युरोप पालथा घालावा लागला.

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले. हजारो कुटुंबे शेजारच्या पोर्तुगालात आली. तेथे पाचच वर्षांनी राजा मॅन्युएलने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. या लोकांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत. चारचौघांत चर्चची प्रार्थना आणि घरात दारे लावून शब्बाथ, अशी दुहेरी राहणी त्यांतील अनेकांनी पत्करली. बेआत्रिजचे घराणे अशांपैकीच होते.

१५२८ मध्ये तिचा विवाह फ्रान्सिस्को मेंडिस या धनाढ्य नवख्रिस्ती व्यापाऱ्याशी झाला. मलबार किनाऱ्यावरून लिस्बनला उतरणारी मिरी युरोपभर विकणे हा मेंडिस पेढीचा मुख्य व्यवहार. पेढीची उत्तरेकडची शाखा अँटवर्पला होती व तिचा दीर दियोगो ती सांभाळी. काही वर्षांतच फ्रान्सिस्को वारला. पंचविशीतली विधवा, पदरी एक लहान मुलगी आणि अफाट संपत्ती. १५३६ मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणारे न्यायालय, स्थापण्यास पोपची मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी तिने लिस्बन सोडले.

अँटवर्पला तिला दिसलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे. मसाल्याच्या जहाजांतून केवळ मिरीच येत नव्हती, माणसेही येत होती. पोर्तुगालातून निसटलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना मेंडिस पेढी आश्रय देई, पुढच्या वाटेची माहिती पुरवी, प्रवासखर्च भागवी. आल्प्स ओलांडून इटलीत आणि तेथून तुर्की सुलतानाच्या मुलखात, असा तो खडतर मार्ग होता. हुंड्या, अडत्ये, जहाजे, ओळखीचे बंदर-अधिकारी, व्यापाराला जे जे लागते तेच पलायनालाही लागते. दियोगोच्या मृत्यूनंतर पेढीची सूत्रे बेआत्रिजकडे आली आणि या कार्याची जबाबदारीही.

संपत्तीवर सर्वांत मोठ्यांचा डोळा होता. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारातून तिच्या मुलीसाठी एका वयस्क ख्रिस्ती सरदाराचे स्थळ सुचवण्यात आले. नकार देणे धोक्याचे, होकार देणे अशक्य. तिने आखेनच्या उष्ण झऱ्यांवर स्नानाला जात असल्याचे निमित्त केले आणि मुलगी, बहीण व भाचीसह १५४५ च्या सुमारास ती व्हेनिसकडे निघून गेली.

व्हेनिसमध्ये घाव घरातूनच बसला. वारशाच्या वादात सख्ख्या बहिणीने, ब्रियांदाने, ती गुप्तपणे ज्यू धर्म पाळते अशी तक्रार केली. सुलतान सुलेमानच्या दरबाराने हस्तक्षेप केल्यावर हे संकट टळले. त्यानंतर फेरारा या संस्थानात ती उघडपणे ग्रासिया नासी झाली. तेथे १५५३ मध्ये छापलेल्या स्पॅनिश बायबलच्या काही प्रती तिला अर्पण केलेल्या आहेत. (तिचे चित्र म्हणून सर्वत्र फिरणारे पदक मात्र तिचे नव्हे, ते तिच्याच नावाच्या भाचीचे आहे.)

त्याच वर्षी ती कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली. पतीच्या अस्थी तिने जेरुसलेमच्या ऑलिव्ह पर्वतावर नेऊन पुरवल्या. ख्रिस्ती म्हणून जगावे लागलेल्या माणसाला मृत्यूनंतर का होईना, स्वधर्माची भूमी मिळाली.

तिची खरी कसोटी १५५५ पासून लागली. इटलीतील अँकोना हे बंदर पोपच्या राज्यात होते. आधीच्या पोपांनी पोर्तुगालातील नवख्रिस्तींना तेथे ज्यू म्हणून राहण्याची मुभा दिली होती. नव्या पोपने, चौथ्या पॉलने, ती काढून घेतली आणि त्यांना तुरुंगात टाकले. सुलेमानने पोपला पत्र पाठवून सुटकेची मागणी केली. तरीही १५५६ मध्ये सुमारे दोन डझन जणांना जाळण्यात आले.

ग्रासियाने उत्तर दिले ते व्यापाऱ्याच्या भाषेत. तुर्की साम्राज्यातील ज्यू व्यापाऱ्यांनी अँकोनाशी सारे व्यवहार तोडावेत आणि माल शेजारच्या पेझारो बंदरात न्यावा, असा तिचा आग्रह होता. पेझारोच्या ड्यूकने पळून आलेल्यांना आसरा दिला होता. योजना बिनतोड वाटत होती.

पण अँकोनात इतर ज्यूही राहत होते. बंदर बुडाले तर पोपचा राग आमच्यावर निघेल, असे त्यांनी कळवले. पेझारोच्या आश्रितांची विनवणी नेमकी उलटी होती. व्यापार इकडे वळला नाही तर ड्यूक आम्हाला ठेवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बुर्साचे व्यापारी नुकसान सोसायला तयार नव्हते. रब्बी जोशुआ सोनसिनो यांनी बहिष्काराला विरोध केला. काही जणांच्या रक्षणासाठी इतरांचे जीव पणाला लावता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. त्यांना भित्रे ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे ठरेल. ग्रासियाने आपले सारे वजन खर्ची घातले, तरी एकमत झाले नाही. बहिष्कार विरला आणि १५५८ मध्ये ड्यूकने आश्रितांना पेझारोतून घालवले.

एवढ्या पराभवानंतरही ती थांबली नाही. गालील सरोवराकाठचे उजाड तिबेरियास गाव सुलतानाकडून इजाऱ्याने घेऊन तेथे निर्वासितांची वसाहत उभी करण्याचे काम तिने हाती घेतले. १५६९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तिचे निधन झाले.

लिस्बनहून सुटण्याचा एक मार्ग पूर्वेकडेही होता. वैद्य गार्सिया द ओर्ता हा तिच्याच पिढीतला नवख्रिस्ती. तो १५३४ मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य झाला आणि हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही पोहोचले होते. ग्रासिया गेली त्याच वर्षी, ऑक्टोबर १५६९ मध्ये, ओर्ताची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. ओर्ता स्वतः आदल्या वर्षीच वारला होता. १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढल्या गेल्या आणि त्याही जाळण्यात आल्या.