सहा हजार गोळ्या आणि न विचारलेला प्रश्न

रिसर्चचा प्रश्न ठरवताना एक चूक हमखास होते, माझीही झाली: जे मोजायला सोपं, तेच आपण मोजत बसतो. इतिहासातलं एक उदाहरण सांगते.

मार्च 1911. अमेरिकन सैन्याला नवं पिस्तूल निवडायचं होतं. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं कोल्ट आणि सॅव्हेज कंपनीचं, अशा दोन सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांमधून प्रत्येकी 6000 गोळ्या झाडल्या. सॅव्हेजमध्ये 37 बिघाड, कोल्टमध्ये शून्य. कोल्ट 'एम 1911' झालं. निकाल एकदम स्वच्छ! पण नीट बघा, ही परीक्षा यंत्राची होती. ते धरणाऱ्या हाताची नव्हती.

हाताचा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर पुढे आला. 1920च्या दशकात पिस्तुलात बदल झाले. लहान हाताचं बोट पोचावं म्हणून ट्रिगर आखूड केला. हॅमर हाताला चावू नये म्हणून ग्रिप सेफ्टीची शेपटी लांबवली. नेम खाली जाऊ नये म्हणून मुठीची सपाट पाठ फुगीर केली. आतली यंत्रणा मात्र तीच. हे झालं 'एम 1911 ए 1'.

गंमत पुढेच आहे. नंतर स्पर्धांत उतरलेल्या कितीतरी नेमबाजांनी हेच पिस्तूल स्वतःसाठी बदलून घेताना लांब ट्रिगर आणि सपाट पाठ परत बसवली! मग बरोबर कोण? दोघेही. हात वेगळे होते.

म्हणून 'या बदलाने नेम सुधारतो का?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कोणाच्या हातात?' हे लिहिल्याशिवाय सिनॉप्सिस गाइडकडे नेऊ नका.