टर्नर स्टेशन : पोलादाच्या सावलींतील एक वस्ती

इतिहासाचे ग्रंथ कारखानदारांचीं नांवें जपून ठेवतात. ज्यांच्या घामावर भट्ट्या धगधगत राहिल्या त्यांचीं घरें कोठें होतीं, हें सांगण्याची तसदी ते क्वचितच घेतात. अमेरिकेंतील मेरीलंड संस्थानांत, बाल्टिमोर शहरानजीक असलेल्या टर्नर स्टेशन या लहानशा वस्तीचा वृत्तान्त या दृष्टीनें मननीय आहे.

१८८७ सालीं पेनसिल्व्हेनिया स्टील कंपनीनें स्पॅरोज पॉइंट येथें पोलादाचा कारखाना काढण्यास आरंभ केला व शेजारींच कामगारांसाठीं गांव वसविलें. जमीन कंपनीची, घरें कंपनीचीं, दुकानही कंपनीचेंच. रस्त्यांना इंग्रजी मुळाक्षरांचीं नांवें होतीं, आणि अक्षरांचा क्रम हाच प्रतिष्ठेचा क्रम होता. आरंभींच्या रस्त्यांवर अधिकारी, पुढें गोरे कामगार, आणि खाडीपलीकडे, अगदीं शेवटीं, कृष्णवर्णीय कुटुंबें. आपल्या गांवकुसाबाहेरच्या वस्त्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना निराळी समजावून सांगावयास नको.

१९१६ सालीं बेथलेहेम स्टील कंपनीनें हा कारखाना विकत घेतला. महायुद्धांच्या काळांत पोलादाची मागणी वाढली, तसे दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतमजूर तंबाखूचीं शेतें सोडून इकडे लोटले. जवळच्या डनडॉक गांवीं त्यांना थारा नव्हता. म्हणून टर्नर स्टेशनांत त्यांनीं संसार थाटले. कंपनीच्या गांवीं नोकरी गेली कीं छप्परही जाई; येथें मात्र कामगाराला स्वतःच्या घराचा धनी होतां येई. प्रार्थनामंदिरें, शाळा, दुकानें हळूहळू उभीं राहिलीं. कारखान्यांत मात्र सर्वांत तप्त व धोक्याचीं कामें त्यांच्याच वाट्याला येत. आणि बऱ्या विभागांत जावयाचें तर आजवरच्या सेवेची ज्येष्ठता गमवावी लागे. हा नियम मोडावयास १९७४ सालची न्यायालयीन तडजोड व्हावी लागली.

याच वस्तींत एका पोलाद-कामगाराची पत्नी हेन्रिएटा लॅक्स राहत असे. १९५१ सालीं ती कर्करोगानें वारली. तिच्या संमतीवांचून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पण कुटुंबाला त्याचा पत्ता वीसएक वर्षें नव्हता. श्रम घ्यावे, देहही घ्यावा, आणि विचारूं मात्र नये, ही रीत कारखान्याच्या फाटकापाशींच संपत नव्हती.

स्पॅरोज पॉइंटचें गांव पुढें कंपनीनेंच नव्या भट्टीसाठीं पाडलें. कारखानाही २०१२ सालीं बंद पडला. टर्नर स्टेशन अद्याप उभें आहे. घर कोणाच्या नांवावर आहे, हा प्रश्न इतिहासकारानें किरकोळ मानूं नये, असें या दोन गांवांची तुलना केल्यावर वाटतें.